मोहरीची कॅसेट

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज पप्पांचा होता आणि तो ते फक्त गाण्यासाठी वापरायचे. एरवी फारसं बोलत नसत. पिंपरीतल्या एका मोठ्या कंपनीत ते टर्नर होते. शिफ्टभर मशीनसमोर उभे राहून चिंचवडला घरी यायचे, कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, तरी मशीनच्या तेलकट पाण्याचा वास अंगाला राहायचाच. मग संध्याकाळच्या प्रार्थनेला चटईवर बसले की त्यांच्या छातीतून असा खर्जातला स्वर निघायचा की मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या बारीक किणकिणायच्या. आई डोळे मिटलेल्या अवस्थेतच हसायची. दादा आणि मी, म्हणजे दाविद आणि रूथ, एकमेकांना कोपर मारायचो. प्रार्थना संपली की ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी आणि बहुतेक वेळा सुक्या बोंबलाचं कालवण. आमचे आजोबा नगरकडून इकडे आले होते आणि येताना त्यांनी दोनच गोष्टी नीट सांभाळून आणल्या असं आई म्हणायची, एक गीतांचं पुस्तक आणि दुसरं तिखट. आज माझ्या मुलीला मी किती सांगितलं तरी तिला ते घर दिसत नाही. दोन खोल्यांत चार माणसं, एक गिटार आणि एक ट्रॉम्बोन कसे मावत होते, हे मलाही आता सांगता येत नाही.

ट्रॉम्बोन माझा. म्हणजे खरं तर चर्चचा. मिशनच्या जुन्या काळी चर्चचा पितळी बँड होता म्हणे. तो बंद पडल्यावर वाद्यं मागच्या कपाटात पडून होती. बाकीच्यांचं पितळही उरलं नव्हतं, पण हा ट्रॉम्बोन पोचे पडूनही वाजत होता. मी दहावीत असताना पाळकसाहेबांनी तो मला दिला, कारण मला हवा होता आणि दुसऱ्या कुणालाच नको होता. आमच्या आळीत सकाळी मी त्याचे लांब सूर काढायला लागले की समोरच्या काकू खिडकी लावून घ्यायच्या, पण भेटल्यावर मात्र विचारायच्या, "आज नाही का वाजवलंस गं?"

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचा मामेभाऊ जहाजावर नोकरीला होता, त्याने एका सुट्टीत दादाला एक कॅसेट आणून दिली. परदेशातल्या कुठल्याशा ख्रिस्ती पोरांचा बँड. गिटार, ड्रम, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, आणि गाणी देवाचीच, पण ठेका असा की बसलेल्या माणसाचे गुडघे आपोआप हलावेत. या संगीताला स्का म्हणतात, असं मामेभावाने सांगितलं. त्यातली गिटार ठेक्यावर वाजतच नाही. ठेका पडतो आणि गिटार त्याच्या मधल्या मोकळ्या जागेत वाजते, चिक्, चिक्, चिक्. आईने स्वयंपाकघरातून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "या माणसाला उचकी लागलीय. पाणी द्या कुणीतरी." दादाने तिला समजावलं की तू फोडणीत मोहरी टाकतेस, ती काय एक-दोन-तीन-चार मोजून तडतडते का, ती आपल्या मनाने मध्येच तडतडते आणि म्हणूनच मजा. आई म्हणाली, "मग मोहरीच म्हण त्याला." तेच आमच्या बँडचं नाव झालं. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगरसुद्धा सरकतो, हे आमच्याकडे रविवारशाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, त्यामुळे चर्चमध्ये सगळ्यांना वाटलं की हे नाव तिथून घेतलंय. आम्हीही कुणाला खरं सांगितलं नाही.

मोहरीतली माणसं सारखी बदलायची. आमच्या भागात बँड चालवणं म्हणजे शिफ्टशी भांडण होतं. पहिला ड्रमवाला भोसरीत कामाला लागला आणि त्याची कायमची सेकंड शिफ्ट झाली. दुसऱ्याचं लग्न झालं आणि बायकोला आवाज सहन होईना. तिसरा पाळकसाहेबांचा पुतण्या, तो टिकला. बेसवर प्रकाश पहिल्यापासून शेवटपर्यंत होता, कारण त्याला दुसऱ्या कुठल्या बँडने घेतलं नसतं, हे तो स्वतःच सांगायचा. ट्रम्पेटवर सायमन होता, फार गोड वाजवायचा. तो दुबईला गेला. प्रत्येक वेळी आम्ही तोंडं पाडून बसायचो आणि प्रत्येक वेळी दादाचं एकच म्हणणं असायचं, "माणूस गेला तर दुसरा आणू. गाणं थांबवायचं नाही." तो हे इतक्या सहज म्हणायचा की मला कधी कधी त्याचा राग यायचा. सायमनच्या निरोपाच्या जेवणात, सायमन समोर बसून मटण खात असताना, हा त्यालाच विचारत होता की तुझ्यासारखा दुसरा कुणी ओळखीचा आहे का.

मिलिंद कांबळे सापडला तो एका वरातीत. दादा आणि मी पिंपरी कॅम्पातून सामान घेऊन येत होतो. घोड्याच्या पुढे लाल कोटातला बँड चालला होता आणि त्यातला एक ट्रम्पेटवाला सिनेमाचं गाणं वाजवता वाजवता मधेच असे काही सूर घालत होता की दादाने पिशवी माझ्या हातात दिली आणि वरातीत शिरला. दोन गाण्यांच्या मधे त्याने मिलिंदला गाठलं. "भावा, गुरुवारी मोकळा असतोस का?"

"मुहूर्त नसला तर असतो," मिलिंद कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. "का?"

दादाने सगळं सांगितलं, चर्च, बँड, उलटा ठेका. मिलिंदने ऐकून घेतलं. तो चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता, लग्नसराईत आणि जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचा. "मी बौद्ध आहे राव," तो म्हणाला. "मी देवबीव मानत नाही. चालेल का?"

"आम्हाला ट्रम्पेट पाहिजे," दादा म्हणाला.

चर्चच्या पंचांपैकी दोघांना ते चाललं नाही. पाळकसाहेबांपुढे विषय गेला. त्यांनी मिलिंदला एकदा वाजवायला सांगितलं, शांतपणे ऐकलं आणि म्हणाले की ट्रम्पेट वाजवायला बाप्तिस्मा लागतो असं मला कुठे वाचलेलं आठवत नाही. पंचांना आठवलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. विषय तिथेच मिटला. मिलिंद आजही भेटला की मला विचारतो, "काय, सापडलं का कुठे?"

गुरुवार यासाठी की आमच्याकडे कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, आणि बापूंचा स्टुडिओ गुरुवारशिवाय चालूच शकत नसे. बापू मूळचे चिखलीचे, जमीन होती, त्यातल्या तुकड्यावर त्यांनी प्रेस शॉप टाकलं. पत्रा कापून त्याचे वायसर, पट्ट्या असलं काहीबाही निघायचं. पण जीव गाण्यात, म्हणून शॉपच्या वरच्या मजल्यावर त्यांनी भिंतींना गाद्या आणि अंड्यांचे ट्रे लावून एक खोली केली होती आणि त्यात आठ ट्रॅकचं रेकॉर्डिंग मशीन आणून ठेवलं होतं. भजनं, जत्रेची गाणी, एखाद्या उमेदवाराच्या प्रचाराची गाणी असं सगळं तिथे व्हायचं. इतर दिवशी खालची प्रेस धाड, धाड पडत राहायची आणि वरची खोली पायाखाली उडायची. गुरुवारी शॉप बंद, मशीनांवर ताडपत्र्या, आणि आम्ही त्या ताडपत्र्यांच्या मधून चालत जिन्याने वर.

"आमी समदी गाणी केली," पहिल्या दिवशी बापू म्हणाले, "पर हे असलं न्हाई ऐकलं. ह्ये बरूबर वाजतंय का चुकतंय, ते मला कसं कळायचं?"

"माझं तोंड बघा," दादा म्हणाला. "चुकलं की कळेल."

दादाने दहा गाणी लिहिली होती, सगळी मराठी. अल्बमचं नाव होतं 'सरक, डोंगरा'. आई डबा द्यायची. पहिल्या गुरुवारी तिने तळलेले बोंबील दिले आणि बापूंनी हात जोडले, गुरुवार दत्ताचा, आज चालत नाही. पुढच्या गुरुवारपासून बापूंसाठी बटाट्याच्या भाजीचा वेगळा डबा यायला लागला, त्यावर आई दोरा बांधायची म्हणजे डबे बदलायला नकोत. दारात मिलिंद "जय भीम" म्हणायचा, बापू "राम राम" म्हणायचे, आम्ही आमच्या ख्रिस्ती रिवाजाने "सलाम". मग कामाला लागायचो. आधी ड्रम आणि बेस, त्यावर दादाची गिटार, त्यावर मिलिंद आणि मी, सगळ्यात शेवटी गाणं. बापू कानाला हेडफोन लावून दादाच्या तोंडाकडे बघत बसायचे. मी पुढे बऱ्याच ठिकाणी वाजवलं, काचेच्या, थंडगार स्टुडिओतही. पण एखादा सूर बरोबर लागला की बापू जसे डोळे मिटून मांडीवर थाप मारायचे, तशी मग कुणी मारली नाही. सहा गाणी अशी पुरी झाली.

सातव्या गाण्याआधी दादाची बोटं गेली.

दादा तोवर नीट नोकरीला नव्हता. कधी कुरिअर, कधी दुकानात. पप्पांना ते खटकायचं आणि त्यांनी आपल्या कंपनीतल्या कुणाला तरी शब्द टाकून त्याला एका लहान कारखान्यात लावून दिलं. बापूंच्या शॉपसारखंच काम, प्रेसवर. दोन महिने झाले होते. दुपारी मी घरी होते, आई रविवारशाळेच्या चित्रांना रंग देत होती, आणि प्रकाश धावत आला. डाव्या हाताची पहिली दोन बोटं मधल्या पेरापासून गेली होती. दवाखान्यात दादा आम्हाला बघून म्हणाला, "आई, फार दुखत नाहीये," आणि आई त्याच्या पायाशी बसून राहिली. पप्पा कंपनीच्या कपड्यांतच आले. ते कॉटजवळ गेलेच नाहीत. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले आणि नर्सने सरकायला सांगितलं तेव्हा बाहेर जाऊन बाकड्यावर बसले.

घरी आल्यावर दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा. पट्टी निघाल्यावर तो हात पॅंटच्या खिशात गेला आणि खिशातच राहिला. जेवताना, दार उघडताना, पाळकसाहेब भेटायला आले तेव्हाही. पप्पांनी गिटार चादरीत गुंडाळून कपाटाच्या माथ्यावर टाकली, त्याच्या नजरेस पडू नये म्हणून. आणि त्यांनी गाणं सोडलं. चर्चच्या क्वायरला जाईनात. संध्याकाळच्या प्रार्थनेला आई एकटी गीत धरायची, मी साथ द्यायचे, आणि मांडणीवरच्या ताटल्या गप्प असायच्या. पप्पांना कुणी काही बोललं नव्हतं. दादा तर मुळीच नाही. पण नोकरी त्यांनी लावून दिली होती, आणि आमच्या दोन खोल्यांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. आता मला माझी मुलं आहेत. पप्पा तेव्हा कसे जेवत असतील, कसे त्याच वेळी त्याच बसने कामावर जात असतील, याचा विचार आता मनात येतो. तेव्हा मला फक्त राग यायचा, की हे काही बोलत का नाहीत.

एके दिवशी प्रकाश अवघडून आला आणि म्हणाला की खडकीला एक पोरगा आहे, गिटार चांगली वाजवतो, तात्पुरता, चार गाण्यांपुरता. त्याला वाटलं दादा झोपलाय. दादा भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाला, "आण की. माणूस गेला तर दुसरा आणायचा." त्याचाच शब्द होता, पण आवाज त्याचा नव्हता. प्रकाश चहा न घेता गेला.

त्यानंतरच्या गुरुवारी मिलिंद आला. हातात ट्रम्पेटची पेटी, जणू आम्ही स्टुडिओत निघालोच आहोत. आईने त्याला जेवायला वाढलं. त्याने पोटभर जेवून घेतलं, हात धुतले आणि दादाच्या कॉटवर जाऊन बसला. मला वाटलं आता हा धीरबीर देणार. तो म्हणाला, "सातव्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर मी कुठून शिरायचं, ते तू कधी सांगितलंच नाहीस."

दादाने पांघरूण खांद्यावर ओढून घेतलं.

"मी माझ्या मनाने वाजवलं असतं," मिलिंद म्हणाला, "पण मग तू म्हणशील वरात केली गाण्याची."

मग दादा भिंतीला म्हणाला, "चौथी ओळ चालू असतानाच. शब्द संपायच्या आधी शिरायचं. संपल्यावर नाही."

"वाजवून दाखवू?"

"नको."

मिलिंदने पेटी उघडली आणि वाजवलं, हळूच, भांड्यात बोलल्यासारखं. मुद्दाम चुकला का खरंच चुकला, मला माहीत नाही. विचारलं तर अजूनही सांगत नाही. दादा उठून बसला. "अरे आधी, आधी," तो म्हणाला आणि उजव्या हाताने आपल्या मांडीवर तो ठेका धरला.

दुसऱ्या दिवशी पप्पा कामावर गेल्यावर मी स्टुलावर चढून गिटार खाली काढली. मला चार-पाच कॉर्ड येत होत्या, दादाचं बघून बघून. मी स्वयंपाकघरात बसून वाजवायला लागले आणि ते भयंकर होतं. माझ्या उजव्या हाताला ट्रॉम्बोनची दांडी पुढेमागे करायची सवय. तारेवर खालून वर तो झटका देणं काही केल्या जमेना. पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "अंगठा मागे घे." मी घेतला. "तार दाबून ठेवू नकोस. वाजली की लगेच सैल सोड, तरच चिक् होतं. नाहीतर घंटा वाजते देवळातली." मी सोडली. तरी घंटाच. असं तीन-चार दिवस चाललं, तो तिकडून बोलायचा, मी इकडे वाजवायचे, आणि आई मधे बसून भाजी निवडायची.

मग एकदा त्याला राहवलं नाही. तो आला, माझ्या उजव्या बाजूला बसला, गिटार ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली, आणि म्हणाला, "तू नुसत्या तारा दाब." गिटारची मान माझ्यासमोर आली. माझा डावा हात मानेवर, त्याचा उजवा हात तारांवर, त्याचा डावा हात खिशात. पहिला प्रयत्न म्हणजे दोन माणसांनी एकाच सुईत दोरा ओवावा तसा. तो वाजवायचा तेव्हा मी दाबलेलंच नसायचं, मी दाबलं की तो वाजवून मोकळा. आई म्हणाली, "आता दोघांना उचकी लागली." दादा हसला. त्या महिन्यात तो पहिल्यांदा हसला. मग त्याने सांगितलं, "माझ्या हाताकडे बघू नकोस. माझ्या श्वासाकडे लक्ष दे." मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले. त्याच्या झटक्याआधी त्याचा खांदा किंचित वर यायचा. तेवढं कळल्यावर हळूहळू चिक् व्हायला लागलं.

पप्पा एकदा लवकर घरी आले आणि आम्ही तसेच बसलेलो त्यांनी पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "ठेवा ते वर," ते मला म्हणाले. "कशाला त्याला त्रास?"

मी उत्तर देणार होते, पण आईच बोलली. "राहू द्या. त्याला त्रास होत असला तर तो सांगेल."

दादाने वर बघितलं आणि म्हणाला, "पप्पा, हिला दाबायला सांगा जरा जोरात, तुमचं ऐकेल." पप्पा हात धुवायला गेले. त्या दिवशी ते बराच वेळ हात धूत होते.

स्टुडिओत परत जायचा गुरुवार ठरला तेव्हा मला एकाच गोष्टीची धास्ती होती. वर जायचं तर प्रेस शॉपमधून जावं लागणार. दादाने ते बोलून दाखवलं नाही, पण चिखलीला उतरल्यापासून तो मागे मागे चालत होता. आम्ही शॉपच्या दाराशी पोचलो तर दाराला कुलूप. बापू कोपऱ्यावरून हाक मारत होते, "हिकडनं, हिकडनं." इमारतीच्या मागच्या अंगाला एक नवा लोखंडी जिना उभा होता, थेट वरच्या खोलीपर्यंत. भिंत फोडून तिथे दार केलं होतं. वेल्डिंगच्या जोडाच्या जागा अजून काळ्या होत्या, रंगसुद्धा लावला नव्हता.

"हे कधी केलं, बापू?" मिलिंदने विचारलं.

"कवाचं करायचं हुतं," बापू जिन्याच्या कठड्यावर हात आपटून बघत म्हणाले. "आगीबिगीला दुसरं दार असलेलं बरं. चला, येळ नका घालवू."

दादा खाली उभा राहून त्या जिन्याकडे बघत होता. मग एक एक पायरी चढून वर गेला. बापूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. ते वर जाऊन मशीनची बटणं पुसत बसले. पुढे ते वारले तेव्हा मी त्यांच्या दहाव्याला गेले होते. त्यांच्या मुलाला मी जिन्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, आम्हाला तर वाटायचं म्हातारं उगाच लोखंड वाया घालवतंय. आता तिथे दहा मजली सोसायटी आहे, मी पिंपळे सौदागरला दादाकडे जाताना रिक्षा मुद्दाम तिकडून न्यायला लावायचे, हल्ली तेवढं जमत नाही.

चार गाणी आम्ही तशीच केली, एका गिटारवर दोघं. एका खुर्चीवर दादा, त्याला चिकटून दुसरीवर मी. आमची गिटार झाली की मी उठून ट्रॉम्बोन घ्यायचे आणि वेगळ्या ट्रॅकवर वाजवायचे. सुरुवातीला बापू पुन्हा पुन्हा थांबवत होते, माझं सोडणं उशिरा पडत होतं. दादा चिडला नाही, पण त्याच्या कपाळावर शीर उठायची. एकदा तो म्हणाला, "आधीची सहा गाणी ऐकली की हे कच्चं वाटतंय. सगळंच खडकीच्या पोराकडून पुन्हा करून घेऊ. सारखं तरी होईल."

बापूंनी हेडफोन काढला. "तू म्हन्ला हुतास, चुकलं की माझं तोंड बघा. मी मघापासून बघतोय. तुझं तोंड तर हसतंय."

दादाने मिलिंदकडे पाहिलं. मिलिंदने मान हलवली, हो, हसतंय. मग आम्ही सातवं गाणं एका दमात केलं. ते मी अजून ऐकते. गिटार थोडी उशिरा येते, अगदी केसभर, आणि त्यामुळे गाणं जरा लंगडत, जरा डोलत चालतं. मिलिंद शब्द संपायच्या आधी शिरतो. ते दहांतलं सगळ्यात चांगलं गाणं आहे असं माझं मत आहे, आणि ते निःपक्षपाती नाही, हे मला ठाऊक आहे.

कॅसेट निघाली ती हंगामाच्या सणाला. आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी प्रत्येक घरून काहीतरी येतं, भोपळे, ऊस, कोंबड्या, केक, आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव होतो. लिलाव झाला की आमचं वाजवणं, असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं. मांडव भरला होता. बापू धोतर-टोपी घालून पहिल्या रांगेत आले होते आणि लिलावात त्यांनी एक भोपळा घेतला होता, तो मांडीवर होता. आई बायकांमध्ये. पप्पा सगळ्यात मागे, मांडवाच्या खांबाशी, येतो-जातो अशा बेतात उभे. ट्रॉम्बोन त्या दिवशी पेटीतच राहिला. दादाच्या गळ्यात गिटार आणि मी त्याला बिलगून उभी. लोक आमच्याकडे बघत होते आणि आपण बघतोय हे दिसू नये अशी धडपडही करत होते. दादाचा डावा हात खिशात होता.

गाणं सुरू झालं आणि लोकांना आवडलं. हीच पंचाईत झाली. आवडलं म्हणून त्यांनी टाळ्या धरल्या, आणि मंडळीला सवय सरळ ठेक्याची. अख्खा मांडव ठेक्यावर टाळी देतोय आणि आमची गिटार त्याच्या मधल्या फटीत जायला बघतेय. पाळकसाहेबांचा पुतण्या गडबडला, तो टाळ्यांच्या मागे गेला, प्रकाश त्याच्या मागे. माझी बोटं कधी सोडायची तेच मला कळेना. दादाने गिटार वाजवायची थांबवली. मग सगळंच थांबलं. मांडवात कुजबूज झाली. मला वाटलं हा आता गिटार काढून ठेवणार आणि मांडवाबाहेर जाणार, आणि मग आम्ही पुन्हा त्या भिंतीपाशी. मी त्याच्या शर्टाची कड धरली.

दादा माईकजवळ वाकला. "टाळी चुकतेय," तो म्हणाला. "आपण आयुष्यभर इथं देतो, ती इथं द्यायची नाही. मधे द्यायची. थांबा, दाखवतो."

टाळी एका हाताने दाखवता येत नाही. त्याला ते बोलून गेल्यावर लक्षात आलं असावं, कारण तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने खिशातून डावा हात काढला, दोन्ही हात डोक्याच्या वर धरले, सगळ्या मांडवाला दिसतील असे, आणि तोंडाने ठेका मोजत मधल्या मोकळ्या जागेत टाळी दिली. आखूड झालेली ती दोन बोटं उन्हात आली. पुन्हा दिली. पुन्हा. पहिल्यांदा बापूंनी भोपळा खाली ठेवून ती टाळी धरली. मग मुलांनी, मग बायकांनी, आई रडत होती तरी तिची टाळी चोख उलटी पडत होती. मिलिंदने ट्रम्पेट उचललं.

मी मागे बघितलं. पप्पांनी खांब सोडला होता. ते मांडवाच्या मधल्या वाटेने हळूहळू पुढे येत होते, दादाच्या हातावरून नजर न काढता, आणि टाळ्या देत होते. त्यांची टाळी एकट्याची, मोठी, सरळ ठेक्यावर पडत होती, सगळ्यांच्या विरुद्ध. गाणं पुन्हा सुरू झालं. कडव्यावर त्यांचा तो खर्जातला आवाज लागला, माईक नसतानाही आमच्यापर्यंत आला. टाळी मात्र शेवटपर्यंत चुकतच राहिली. दादा त्यांच्याकडे बघत गात होता, आणि त्याने त्यांना दुरुस्त केलं नाही.